गंगेत न सोडलेली चित्रं

गेवराईत स्टँडमागच्या गल्लीत राधाकिशनचं फ्रेमचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन खाटा आडव्या टाकल्या तर संपेल एवढी खोली. भिंतीला टेकवलेल्या लाकडी पट्ट्या, कोपऱ्यात गवत घालून उभ्या केलेल्या काचा आणि मधोमध एक टेबल. चाळीस वर्षं त्यावर काच कापून कापून टेबलावर हिऱ्याच्या रेघांचं जाळं झालेलं. पूर्वी दसरा-दिवाळीला लोक गुंडाळी केलेले देव काखेत धरून रांगेत उभे राहायचे. आता देव मोबाइलमध्ये असतात. आता राधाकिशनकडे येतात ते बहुतेक वारलेल्या माणसांचे फोटो, आणि त्यातलेही निम्मे फ्लेक्सवाला परस्पर करून देतो.

त्या चांगल्या दिवसांत एक रीत होती. नवीन देव आणला तरी फ्रेम जुनीच वापरायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "पट्टी चांगली हाय. आतला फोटू बदल, आन् जुना गंगेत सोड." गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात. देवाचं चित्र फाडायचं नाही, रद्दीत घालायचं नाही, चुलीला तर दाखवायचंच नाही. ते वाहत्या पाण्यात सोडायचं. राधाकिशन दर अवसेला राक्षसभुवनला अंघोळीला जायचा, म्हणून लोक विश्वासाने त्याच्या हातात देव देत, सोबत एक फूल, कुणी नारळ. चित्रांची अदलाबदल होऊ नये म्हणून तो मागच्या बाजूला पेन्सिलने मालकाचं नाव, गाव, माप लिही, आणि सोडायचं असेल तर शेवटी एक शब्द: गंगेत.

फुलं त्याने सगळी सोडली. नारळही सोडले. भिजलेली, वाळवीने खाल्लेली चित्रंही सोडली. पण चांगली चित्रं त्याच्या हातून सुटली नाहीत.

पहिल्यांदा झालं तेव्हा त्याला वाटलं होतं, पुढच्या अवसेला सोडू. गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याने एक सरस्वती हातात धरली होती. तिच्या मागचं आभाळ खाली पिवळं, मग गुलाबी, मग वर जांभळं, आणि एक रंग दुसऱ्यात कुठे मिसळला ते सापडत नव्हतं. कुणीतरी बसून, श्वास धरून ते केलं होतं. ते पाण्यात घालायचं म्हणजे हात बांधल्यासारखे झाले. ती सरस्वती धोतराच्या सोग्यात लपवून परत आली आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत गेली. पुढच्या अवसेला तिच्या सोबतीला आणखी दोघं आले. वर्षं गेली तशी पेटी भरली.

राधाकिशनला स्वतःला चित्र काढता येत नव्हतं. शाळेत त्याने काढलेल्या बैलाला मास्तरांनी "हे टेबल छान आहे" म्हटलं होतं. त्याला नुसतं बघता येत होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो शटर अर्धं ओढून पेटी खाली घ्यायचा आणि भिंग लावून एकेक चित्र बघायचा. असंच बघताना त्याला तो माणूस सापडला.

एका रामपंचायतनात, मागे दूर दोन डोंगरांच्या मधल्या वाटेवर, तांदळाएवढा एक माणूस छत्री घेऊन पाठमोरा चालला होता. रामाच्या चित्रात त्याचं काही काम नव्हतं. राधाकिशनला वाटलं शाईचा डाग असेल. मग दुसऱ्या एका गणपतीच्या चित्रात, तळ्याच्या पलीकडे, तोच. मग दत्ताच्या मागे, झाडीत. चित्रावर सही नाही, छापखान्याचं नाव कातरीत गेलेलं. पण कुणी एक चितारी होता, देव काढायचं काम पोटासाठी करत होता आणि दर चित्रात हळूच एक छत्रीवाला सोडून देत होता. राधाकिशनने तीस वर्षांत असे नऊ छत्रीवाले शोधले. हे सांगावं असं त्याला फार वाटायचं. पण सांगायचं तर पेटी दाखवावी लागणार, आणि पेटी दाखवायची तर अर्ध्या तालुक्याचे देव गंगेला पोचलेच नाहीत हे कबूल करावं लागणार. बायकोला, छबुबाईला, पेटीत जुने पुठ्ठे आहेत एवढंच माहीत होतं.

अशात त्याच्या सुनेने, सत्यशीलाने, त्याला मोबाइलवर एक चित्र दाखवलं. सत्यशीला घरी ब्लाउज शिवते आणि गळ्यांचे नमुने मोबाइलवर बघते. एक दिवस हसत हसत ती म्हणाली, "मामा, हे बघा, ही माझ्यासारखीच हाय."

चित्रात एक बाई कमळात उभी होती. चार हात. एका हातात कातर, एकात लाटणं, एकात मोबाइल, चौथ्याने ती रांगत पळणाऱ्या लेकराचं झबलं धरून होती. मागे तेच आभाळ: पिवळं, गुलाबी, जांभळं. खाली काढणाऱ्याचं नाव होतं, सटवा.

"ही जुनी कॅलेंडरं अशीच असायची," राधाकिशन म्हणाला आणि चष्मा पुसून परत बघू लागला. "जरा मोठं व्हतं का?"

सत्यशीलाने दोन बोटांनी चित्र फाकवलं. डोंगरांच्या मध्ये, वाटेवर, छत्री घेऊन एक माणूस पाठमोरा चालला होता.

राधाकिशन त्या दिवशी जेवला नाही. छबुबाईने विचारलं तर म्हणाला, पित्त झालंय.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी सुनेला विचारू लागला, "सटवानं आज काई टाकलं का?" ती कंटाळून गेली. शेवटी तिने नवऱ्याचा जुना मोबाइल सासऱ्याला दिला आणि कुठे दाबायचं ते शिकवलं. मग राधाकिशनला एक नवीनच गाव सापडलं. सटवा एकटा नव्हता. कुणी एक बाई काडेपेटीच्या झाकणावर काडेपेटीएवढीच चित्रं काढत होती. बंगालकडचा एक जण चष्मा लावून पेपर वाचणारे मासे काढायचा. एक पोरगी नऊवारीतल्या म्हाताऱ्या चंद्रावर पाठवायची, काखेत लोणच्याची बरणी. सगळ्यांचे रंग जुने, रेघ जुनी, आणि डोकं मात्र कुठल्या कुठे. तो चित्र बघून एकटाच हसायचा, खाली दोन शब्द लिहावेत म्हणून बोट न्यायचा आणि मागे घ्यायचा. आपण कोण? काच कापणारा माणूस. त्या शिकलेल्या पोरांमध्ये आपण कशाला तोंड घालायचं? पण सटवाचं चित्र आलं की त्याला आत कुठेतरी दुखल्यासारखं व्हायचं. जगात एकाच माणसाला जे ठाऊक होतं ते दुसऱ्या एकाला ठाऊक आहे, आणि त्या दुसऱ्याला हे ठाऊक नाही.

भाद्रपदात सटवाने लिहिलं: "हा छत्रीवाला माझा नाही. माझ्या आजीच्या देव्हाऱ्यातल्या एका चित्रात तो मला लहानपणी सापडला. ते चित्र आता राहिलं नाही. चितारी कोण, माहीत नाही. दिवाळीनंतर पुण्यात माझं प्रदर्शन आहे, तिथे ह्याला त्याच्या मूळ कागदावर दाखवायची फार इच्छा आहे. बीड जिल्ह्यात कुणाकडे असं चित्र असेल तर कळवा. दसऱ्याला केजला घरी येतोय."

राधाकिशनने ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सत्यशीला दुकानात डबा घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "एक इचारू का? एखाद्यानं एखादी वस्तू सांगितल्या ठिकाणी पोचवली न्हाई, तर ती चोरी व्हती का?"

"कुरियरवाल्यानं तसं केलं तर व्हती."

"कुरियरवाला न्हाई समज. आन् वस्तू विकली बी न्हाई. नुसती ठिवली. नीट ठिवली."

सत्यशीलाने डबा खाली ठेवला. "मामा, काय ठिवलंय तुमी?"

त्याने पेटी उतरवली. ती एकेक चित्र उलटं करून मागची नावं वाचत गेली आणि मध्येच थांबली. "हे तर आमच्या आईचं हाय. तिंतरवण्याचं. दत्त." तिचा आवाज बदलला. "हा गंगेत जाईपत्तुर तिनं उपास धरला व्हता. तुमी निरोप धाडला तवा सोडला."

राधाकिशन मान खाली घालून काचेच्या चुऱ्यावर बोट फिरवत राहिला. तिने दत्त सरळ करून टेबलावर ठेवला. मग तिने भिंग घेतलं, त्याने दाखवला तिथे छत्रीवाला बघितला, आणि स्वतःचा मोबाइल काढून सटवाला लिहिलं: आमच्या सासऱ्यांकडे नऊ आहेत.

सटवा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी केजहून मोटरसायकलवर आला. खरं नाव प्रविण. तिशीचा पोरगा, केस मागे बांधलेले, अंगात मोठ्या मोठ्या केळ्यांच्या छापाचा शर्ट. छबुबाई चहा घेऊन आली होती, तिने सुनेच्या कानात म्हटलं, "पोरानं पडद्याचं कापड शिवलंय का गं?" मग तिचं लक्ष टेबलावर मांडलेल्या देवांकडे गेलं. "एवढे देव कुठून आले?"

"आलेत," राधाकिशन म्हणाला.

तिने सगळ्यांना मिळून एकदाच हात जोडले आणि ती कपबशा ठेवून गेली.

प्रविणने चहाला हात लावला नाही. भिंग घेऊन तो एका चित्रावरून दुसऱ्यावर जात होता आणि राधाकिशन त्याच्या खांद्याशी वाकून उभा होता. दोघांची डोकी एकमेकांना लागत होती. "हा बघा," राधाकिशन म्हणायचा, आणि प्रविण म्हणायचा, "इथे तर त्याने छत्री मिटलीय," आणि राधाकिशन म्हणायचा, "कारण ह्यात आभाळ मोकळं हाय." असं दोन तास चाललं. तीस वर्षं त्याने हे दोन तास मनात किती वेळा घडवले होते, पण त्यात समोरच्याच्या तोंडाला मोटरसायकलवरची धूळ असेल आणि तो मध्येच नाक ओढेल, हे त्याला सुचलं नव्हतं.

नववं चित्र लक्ष्मीचं होतं. सगळ्यांत मोठं, रंग कालच लावल्यासारखे. प्रविण भिंग लावून बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "काका, ह्यात तो मागे वळून बघतोय."

"व्हय."

"तुम्हाला कधी दिसलं हे?"

"चौऱ्याण्णव साली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

"कुणाला सांगितलंत?"

"तुमाला. आत्ता."

प्रविणने चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाला, "हे एक चित्र पुण्याला द्याल? महिनाभर. मी स्वतः आणून देईन." बोलता बोलता त्याने ते उलटं केलं आणि वाचलं: "रतनबाई सिदू, चकलांबा. लक्ष्मी. चौदा बाय वीस. गंगेत." त्याने वर बघितलं. "गंगेत म्हणजे?"

राधाकिशनला खोटं बोलता आलं असतं. पण ज्या माणसाला आपण आत्ताच छत्रीवाला दाखवला त्याच्याशी खोटं बोलणं त्याला जमेना. त्याने सगळं सांगितलं. प्रविण ऐकून घेत होता. "मग काका, हे मला असं नाही नेता येणार. ह्यांना विचारावं लागेल. ह्या आजी आहेत?"

"जित्ती हाय," राधाकिशन म्हणाला. "मी इचारतो. तुमी नगा येऊ."

प्रविणने चित्रांचे फोटो काढून घेतले, पण जाताना म्हणाला, फोटोत रंग येतो, कागद येत नाही. ते राधाकिशनला सांगायची गरज नव्हती.

चकलांब्याला जाणाऱ्या जीपमध्ये तो चित्र पुठ्ठ्यात घालून मांडीवर धरून बसला होता. रतनबाई गावात बोलली तर पुढे काय, हे त्याला माहीत होतं. चाळीस वर्षांचं नाव जाईल. लोक दुकानाच्या पायरीवर येऊन आपापले देव मागतील. आणि विचारलंच नाही, तर ते वळून बघणारं तोंड त्याच्याबरोबर पेटीतच राहील, आणि तो गेल्यावर पोरं पेटी भंगारात घालतील. ह्या दुसऱ्या गोष्टीची त्याला जास्त भीती वाटत होती.

रतनबाईचं घर गावाच्या कडेला. पोरगा मेंढरं घेऊन लांब कुणाच्या तरी वावरात खतासाठी बसवायला गेलेला, त्यामुळे मेंढरांचं वाडगं रिकामं होतं. ऐंशीची म्हातारी बाजेवर बसून लोकर निवडत होती.

"राधाकिशन आला म्हंजी कुणीतरी मेलं," ती म्हणाली. "माझा फोटू करायला आला असशील तर जरा घाई झाली बाबा."

तो हसला, पण हसू टिकलं नाही. आत भिंतीवर तिच्या नवऱ्याचा, सिदूचा फोटो होता, आणि तो ज्या फ्रेममध्ये होता ती चौदा बाय वीसची होती, त्याच्याच हातची. लक्ष्मी काढून त्याने त्यात सिदू बसवला होता. तो बाजेशी खाली बसला आणि पुठ्ठा उघडला.

रतनबाईने लोकर बाजूला ठेवली. चित्राच्या खालच्या कोपऱ्यावर तेलाचा एक डाग होता, त्यावर तिने अंगठा ठेवला.

"ही जत्रंतनं आणली त्यानं. पाऊस लागला व्हता. तीन दिस घोंगड्यात गुंडाळून उराशी धरून मेंढरामागं चालला, आन् सोता भिजला." ती थांबली. "तू तर सोडली व्हतीस हिला."

"न्हाई सोडली, मावशी."

"मला सांगितलं सोडली."

"व्हय."

"कावून?"

त्याने छत्रीवाल्याचं सांगायचा प्रयत्न केला. आभाळाच्या रंगांचं, चिताऱ्याचं, पुण्यात चित्रं मांडणाऱ्या पोराचं. शब्द वेडेवाकडे पडत होते. भिंग तिच्या हातात दिलं तर ती भिंगातून चित्राऐवजी त्याच्याकडेच बघत राहिली.

"तो गेला तवा मला वाटलं, एकटा कसा जाईल," ती म्हणाली. "त्याला कुठं एकट्याला जायची सवय. निदान मेंढरं तरी संगट असायची. म्हून म्या हिला त्याच्या मागं लावून दिलं. तीस वरसं मी धरून चालले की दोघं संगट हायत. आन् तू हिला पेटीत बसवलं."

राधाकिशनला हे कधीच सुचलं नव्हतं. लोक जुना देव टाकून देतात आणि आपण तो वाचवतो, असं तो समजत आला होता. कुणी देव कुणाच्या सोबतीला पाठवला असेल, हे मागे पेन्सिलने लिहिलेलं नसतं.

"पुण्यात लई लोक बघतील तिला, मावशी," तो शेवटचं म्हणाला. "म्हैनाभर. मग तुमी म्हणाल तसं."

"लोकांनी कावून बघायचं? त्यानं माझ्यासाठी आणली." ती बाजेवरून उतरली आणि तिने चपला शोधल्या. "मला गंगेवर ने."

राक्षसभुवनला दुपार टळली होती. दसऱ्यानंतरचं पाणी, काठोकाठ आणि गढूळ. राधाकिशनने तिला हाताला धरून पायऱ्यांवरून उतरवलं. शेवटच्या पायरीवर बसून तिने ती लक्ष्मी एकदा पदराने पुसली आणि पाण्यावर आडवी ठेवली, झोपलेलं लेकरू खाली ठेवावं तशी. मग ती उठली आणि मागे न बघता पायऱ्या चढू लागली. सोडलं की मागे बघायचं नसतं.

राधाकिशन पाण्यात गुडघाभर उभा होता. जुना जाड कागद लगेच बुडेना. चित्र काठाशीच गोल गोल फिरत राहिलं, त्याच्या हाताच्या टप्प्यात. वरचं जांभळं आभाळ ओलं होऊन गडद झालं होतं. म्हातारीची पाठ होती. घाटावर दुसरं कुणी नव्हतं. एकदा त्याचा हात पाण्यापर्यंत गेला, आणि ओला होऊन परत आला. मग धारेने चित्राचा एक कोपरा धरला आणि ते निघालं. बघता बघता नुसता एक पांढरा ठिपका राहिला, आणि मग तो तरी तोच होता की फेस, हे कळेना. तरी तो बघत राहिला.

वर आला तेव्हा रतनबाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती. तो शेजारी बसला. धोतरातून पाणी गळत होतं.

"गावात सांगणार का?" त्याने विचारलं.

"काय सांगू? राधाकिशननं माझा देव तीस वरसं चोरला असं सांगू, का संभाळला असं सांगू? ठरलं म्हंजी सांगन."

जीपला वेळ होता. खिशातला मोबाइल वाजला. प्रविणचा निरोप होता: काका, काय म्हणाल्या आजी? राधाकिशनने तो वाचला आणि उत्तर न देता मोबाइल तसाच हातात धरून ठेवला.

"त्यात हाय का ती?" रतनबाईने विचारलं.

"त्या पोरानं धाडलेला फोटू हाय. दावू?"

"नगं. सोडलीया." थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या पोराचं दुसरं काय असंल तर दाव."

सटवाने सकाळीच एक नवीन चित्र टाकलं होतं. एस.टी. स्टँडच्या बाकावर सात मेंढरं ओळीने बसलेली, प्रत्येकाच्या गळ्यात तिकिटाची पिशवी, आणि धनगर बिचारा उभा. रतनबाईने मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

"कान चुकलेत," ती म्हणाली. "मेंढराचे कान असे नस्त्यात, हे शेळीचे हायत." मग ती एकेका मेंढराकडे बघत गेली. "पर बघणं बरूबर धरलंय पोरानं. मेंढरू असंच बघतं. परक्याच्या पंगतीत बसल्यागत."

राधाकिशनने ते चित्र सकाळपासून चार वेळा पाहिलं होतं. मेंढरांच्या डोळ्यांकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. त्याने चष्मा नीट केला आणि तिच्याकडे सरकून परत बघू लागला.

जीप आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला.

"दम धर की रं," रतनबाई मान वर न करता म्हणाली. "आमी बघाया लागलोय."